आधी ठोके, मग बाकीचं

मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर. या सदरासाठी आलेलं एक पत्र असं आहे:

"मॅडम, मी 29 वर्षांची आहे, निफाड तालुक्यात राहते. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझं पहिलं बाळ 34व्या आठवड्यात पोटातच गेलं. हालचाल कमी वाटली म्हणून सोनोग्राफीला गेलो. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. मला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मिस्टरांना आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. नंतर नाळ गळ्याभोवती होती एवढंच सांगितलं. आता पुन्हा दिवस गेलेत, पंधरावा आठवडा चालू आहे. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी त्याच सेंटरला, त्याच खोलीत झाली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, 'मुलं किती?' माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आत टेबलावर रडू आलं तर डॉक्टर म्हणाले, 'रडू नका, पोट हलतंय, मला नीट दिसत नाही.' रिपोर्टवर सगळं नॉर्मल लिहिलंय, पण तिथं मला कोणी तसं म्हणालं नाही. आता 19व्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी आहे. मला जायचंच नाही. नाही गेले तर चालेल का? सासूबाई म्हणतात मागचं उगाळू नये, नव्या डॉक्टरांना तर सांगूच नको, उगाच सीझर करतील. बहीण म्हणते दर आठवड्याला सोनोग्राफी कर म्हणजे खात्री. मिस्टरांनी ठोके ऐकायचं मशीन ऑनलाइन मागवलंय. मागची फाइल माळ्यावर आहे, ती मी उघडलेली नाही. त्या बाळाचा सोनोग्राफीतला एक फोटो तेवढा कपाटात साडीच्या घडीत आहे, तोही फिका पडत चाललाय. नाव छापू नका."

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. 19व्या आठवड्याच्या सोनोग्राफीला जा. त्यात बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा, किडन्या, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, बाळाभोवती पाणी किती आहे हे सगळं बघतात आणि हे बघायला 18 ते 20 आठवडे हीच नीट वेळ असते. ती चुकली की पुढे काही गोष्टी दिसेनाशा होतात, काहींवर काही करायची वेळ निघून जाते. पण मागच्या वेळी गेलीस तशी जाऊ नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझं दुखणं सोनोग्राफीचं नाही, त्या खोलीतल्या गप्प बसण्याचं आहे. तेव्हा आधी त्याबद्दलच बोलते, कारण त्यातला थोडा दोष माझ्या पदरात आहे.

मी 26 वर्षं सोनोग्राफी करते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक बाई आली होती, नववा महिना लागलेला. पोटावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र, ठेवला आणि मला दिसलं की हृदय हलत नाहीये. मी गप्प झाले. दीड-दोन मिनिटं नुसता प्रोब फिरवत राहिले. खरं तर पहिल्या दहा सेकंदांतच कळलं होतं, बाकीचा वेळ मी धीर गोळा करत होते. मग म्हणाले, "जरा बाहेर थांबा, बरोबर कोण आलंय त्यांना पाठवा." नवऱ्याला आणि सासूला सांगितलं. सासूनं हंबरडा फोडला आणि तो ऐकून त्या बाईला कळलं. नंतर ती आत आली, पोटावरचं जेल अजून नीट पुसलेलंही नव्हतं, आणि मला म्हणाली, "मॅडम, पोट माझं होतं ना?" बास, एवढंच. मला शिकवताना सगळ्यांनी हेच शिकवलं होतं: वाईट बातमी नातेवाइकांना सांगायची, पेशंटला धक्का बसतो. जणू बाहेर बाकड्यावर बसून धक्का बसत नाही. त्या दिवसानंतर मी तसं केलेलं नाही. पण आजही बऱ्याच ठिकाणी तेच चालतं आणि तुझ्या बाबतीत तेच झालं.

आता तुला त्या गप्प बसण्याबद्दल आतली गोष्ट सांगते. आम्ही गप्प असतो ते बहुतेक वेळा मोजमाप चाललेलं असतं म्हणून. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड, एकेका मापासाठी कर्सर नेमका टोकावर ठेवावा लागतो, तेव्हा माणूस बोलत नाही. शिवाय पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याच्या धास्तीनं कित्येकांनी गरोदर बाईशी बोलणंच कमी केलंय. एखादा शब्द वेडावाकडा गेला, कोणी भलताच अर्थ काढला तर काय, ही भीती असते. आणि बाहेर चाळीस जणी बसलेल्या असतात. यातलं काहीच तुझ्या बाळाबद्दल नसतं. पण टेबलावर पडलेल्या बाईला ते कसं कळावं?

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. माप घेण्याआधी आम्ही एक बटन दाबून चित्र थांबवतो. त्याला फ्रीझ म्हणतात. पडद्यावर बाळ आणि त्याचं हृदय तिथल्या तिथे गोठतं, आम्ही माप घेतो, मग चित्र परत सुरू. आमच्यासाठी हे श्वास घेण्याइतकं सवयीचं. एकदा तुझ्यासारखीच, आधीचं बाळ गेलेली एक मुलगी समोरच्या मॉनिटरवर बघत होती. मी फ्रीझ दाबलं आणि तिनं टेबलाची कड इतक्या जोरात धरली की नखं पांढरी पडली. तिनं मागच्या वेळी पडद्यावर न हलणारं हृदय बघितलेलं होतं. तेव्हापासून मी दरवेळी म्हणते, "आता चित्र थांबवतेय, माप घ्यायला." पाच शब्द आहेत, त्यांना वेळ लागत नाही. तुझे डॉक्टर म्हणणार नाहीत कदाचित, म्हणून तू तरी लक्षात ठेव: पडदा थांबला म्हणजे बाळ थांबलं असं नसतं.

तसंच, मोठ्या सोनोग्राफीत हमखास एक वाक्य कानावर येतं: "बाळ पालथं आहे, दहा मिनिटं चक्कर मारून या, काहीतरी गोड खा." ते ऐकून तुझे पाय गळतील. गळू देऊ नकोस. बाळाचा चेहरा किंवा हृदय नीट दिसायला ते वळावं लागतं, म्हणून बाईला फिरायला पाठवतात. माझ्याकडे रोज दोघी-तिघी तरी अशा जिना चढउतार करत असतात.

काउंटरचा प्रश्न. त्या मुलीवर रागावू नकोस, तिच्या समोर फॉर्म एफ असतो. त्याच 1994च्या कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी तो भरावाच लागतो आणि त्यात चूक राहिली तरी सेंटर अडचणीत येतं. त्यात रकाना आहे: जिवंत मुलगे किती, त्यांची वयं, जिवंत मुली किती, त्यांची वयं. गर्दीत ती मुलगी "जिवंत" हा शब्द गाळते आणि नुसतं "मुलं किती" विचारते. तिला लिहायला लागतं ते उत्तर "शून्य". गेलेल्या बाळासाठी त्या प्रश्नात जागाच नाही. यावर साधा उपाय आहे. काउंटरवर तू उभी राहू नकोस. आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मिस्टरांना किंवा बहिणीला पाठव, माहिती ते देतील. तुला फक्त सही करायची असते, बाळाचं लिंग मला जाणून घ्यायचं नाही या वाक्याखाली. ती बसल्या जागी करता येते.

आणि तुझ्या केस पेपरच्या कोपऱ्यात बहुधा असं काहीतरी खरडलेलं असेल: जी टू, पी वन, एल झिरो. डॉक्टरांची लघुलिपी आहे. दुसरी खेप, एक बाळंतपण झालेलं, जिवंत मूल नाही. त्यातलं मधलं अक्षर बघ. तू बाळंत झालेली आहेस हे तुझा केस पेपर लिहून देतो. आमच्या लघुलिपीला हे समजतं, घरच्यांना कधीकधी समजत नाही.

आता 19व्या आठवड्यासाठी काय करायचं ते सांगते. सेंटर बदलता येत असेल तर बदल. त्याच खोलीत, त्याच छताकडे बघत पडायची सक्ती कोणी केलेली नाही. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सरळ सांग, "मला तिथं जाणं सोसत नाही, दुसरीकडची चिठ्ठी द्या." नाशिक जवळ आहे, सोय होईल. पण एकदा नवीन जागा धरलीस की पुढच्या सगळ्या सोनोग्राफ्या शक्यतो तिथेच कर. बाळाची वाढ बघताना तेच मशीन, तोच हात असला की आधीच्या मापाशी तुलना नीट होते.

जायच्या आदल्या दिवशी सेंटरला फोन करून सकाळचा पहिला नंबर माग. तासभर इतरांच्या पोटांकडे बघत बसायला लागू नये एवढ्यासाठी. पाणी पिऊन, लघवी तुंबवून यायचं का तेही तेव्हाच विचार. तिसऱ्या महिन्यानंतर बहुधा त्याची गरज नसते, उगाच हाल करून घेऊ नकोस.

आणि एक चिठ्ठी लिही. आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाहीत हे तू स्वतःच लिहिलंयस, मग कागदाला बोलू दे. माझ्याकडे येणाऱ्या एकीनं आणलेली चिठ्ठी मला इतकी पटली की तशीच मी इतरांना सुचवते, साधारण अशी: "माझं पहिलं बाळ 34व्या आठवड्यात पोटातच गेलं. तेव्हा मला आत कोणी काही सांगितलं नाही. म्हणून विनंती करते. आधी ठोके बघा आणि असतील तर लगेच मोठ्यानं सांगा. मग तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. काही वेगळं दिसलं तर मलाच सांगा, मिस्टर शेजारी असताना. मला बाहेर बसवू नका." चिठ्ठी फाइलच्या वर टाचून आत दे. वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि माझा अनुभव असा की वाचल्यावर बहुतेक डॉक्टरांचा आवाजच बदलतो. आम्ही दगड नसतो, आम्हाला बऱ्याचदा ठाऊकच नसतं. नंबर चाळीस आत येतो, नाव बघतो, पोट बघतो, झालं.

ब्रिटनमध्ये सँड्स नावाची संस्था आहे, पोटात किंवा जन्मल्यावर बाळ गेलेल्या आईबापांसाठी काम करते. तिथल्या इस्पितळांत अशा आईच्या फाइलवर एक अश्रूच्या थेंबाचं स्टिकर लावतात, म्हणजे हातात फाइल घेणाऱ्या प्रत्येकाला न विचारता कळतं. मँचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात तर अशा गरोदरपणांसाठी वेगळं क्लिनिकच आहे, रेनबो क्लिनिक. आपल्याकडे स्टिकर नाही. लाल पेन आहे. फाइलच्या कव्हरवर "मागचं बाळ 34 आठवड्यांत गेलेलं" असं स्वतः लिही. कोणाला विचारायची गरज नाही, फाइल तुझी आहे.

मिस्टरांना आत येऊ देत नाहीत, असं तुलाही सांगतील. कायद्यानं मनाई आहे म्हणतील. मनाई आहे ती बाळाचं लिंग सांगायला, मग ते शब्दानं असो की खुणेनं. नवऱ्यानं बायकोचा हात धरून उभं राहायला कायदा आड येत नाही, आणि बाळाचं धडधडणारं हृदय दाखवायलाही नाही. सेंटरनं स्वतःपुरता नियम केलेला असतो. भांडू नका. चिठ्ठी दाखवा, तुमच्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून आणा, बहुतेक ठिकाणी दार उघडतं. अगदीच नाही म्हणाले तर निदान ठोके बघण्यापुरतं येऊ द्या म्हणा.

मिस्टरांवरून आठवलं. त्या दिवसाबद्दल तू त्यांच्याविषयी एवढंच लिहिलंस, की ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्या खोलीत ती बातमी त्यांनी एकट्यानं ऐकली, आणि ती तुझ्यापर्यंत कशी न्यायची हे कोणी त्यांना सांगितलं नाही. पुढे कागदांवर सह्याही त्यांनीच केल्या असतील. आपल्याकडे बाळाला पुरायला बाप आणि एखादा काका जातात, आईला बघूही देत नाहीत. तसं झालं असेल तर त्यांनी ते बाळ हातात धरलेलं आहे आणि तू नाही. दोघांच्या मनात दोन वेगळी दुःखं आहेत आणि घरात दोन्ही विषयांना बंदी. मशीन मागवणारा माणूस घाबरलेला आहे. एखाद्या रात्री विचार त्यांना, कसं होतं बाळ. सांगतील किंवा नाही सांगणार, पण विचार.

ते मशीन मात्र परत पाठवा. माझं यावर ठाम मत आहे. घरच्या घरी त्या यंत्रात तुझ्याच नाडीचा किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज बाळाचे ठोके म्हणून ऐकू येऊ शकतो, आणि बाई निवांत झोपते, तेव्हा खरं तर तिनं दवाखान्यात असायला हवं असतं. उलटही होतं, बाळ व्यवस्थित असतं पण जागा सापडत नाही आणि रात्री दोन वाजता सगळं घर रडत बसतं. ठोके लागले म्हणजे बाळ ठीक आहे, असंही नसतं.

त्यापेक्षा भरवशाचं यंत्र तुझ्याकडे आहे. साधारण 20व्या आठवड्याच्या आसपास हालचाल जाणवू लागेल आणि 28 आठवड्यांपर्यंत तिला एक ठरावीक चाल येते. कोणाचं बाळ संध्याकाळी नाचतं, कोणाचं जेवल्यावर. ती चाल ओळखून ठेव. दहा लाथा मोजा, वहीत लिहा, असं काटेकोर करायला लागू नकोस, मोजण्यानंच वेड लागेल. चाल बदलली, कमी झाली असं वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा. "शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" असं कोणीही, अगदी मावशी-सिस्टरनी सांगितलं तरी ऐकू नकोस. हालचालीची जात बदलते, लाथेऐवजी वळणं जाणवतं, पण बाळ गप्प होत नाही. मागच्या वेळी तू हालचाल कमी वाटल्यावर गेली होतीस. म्हणजे तू योग्य तेच केलं होतंस. हे वाक्य परत वाच.

आणि सातव्या महिन्यानंतर झोपताना कुशीवर झोप. डावी असो की उजवी, उताणी नको. रात्री जाग आली आणि उताणी सापडलीस तर घाबरू नकोस, वळ आणि झोप.

बहिणीचं दर आठवड्याचं म्हणणं मला समजतं, पण त्यानं खात्री मिळत नाही. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एक्स-रेसारखे किरण नसतात, कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीनं बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्याची भीती नको. पण वाढ मोजायची तर दोन मापांत निदान दोन आठवडे हवेतच, नाहीतर मापातली चूक आणि खरी वाढ वेगळी काढता येत नाही. तुझ्यासाठी साधारण आराखडा असा असतो: आत्ता 19व्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी, मग 28 आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी वाढ, पाणी आणि डॉप्लर, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह. 32व्या आठवड्यापासून एनएसटी, ज्यात पोटाला पट्टे लावून ठोक्यांचा आलेख काढतात. डॉक्टर यात तुझ्या तब्येतीप्रमाणे बदल करतील. मी असते तर त्यांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवली असती: 34वा आठवडा. त्या आठवड्यात तुझं मन थाऱ्यावर असणार नाही, बाळ कितीही छान असलं तरी. त्या आठवड्याची वेळ आजच घेऊन ठेव, सोमवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवशी एनएसटी लावून घेतलीस तरी कोणी हसणार नाही.

सासूबाईंच्या सीझरबद्दल. डॉक्टरांपासून मागचं लपवणं ही एकच गोष्ट अशी आहे की ज्यानं खरोखर नुकसान होऊ शकतं. मागचं बाळ गेलं एवढ्यावरून सीझर करावंच लागतं असं अजिबात नाही. बाळंतपण कधी करायचं हे मात्र आधी ठरवता येतं. सगळं सुरळीत असेल तर बऱ्याचदा 39व्या आठवड्यात कळा आणतात. भीतीनं आईचं जगणं अशक्य झालं असेल तर नफातोटा समजावून 37-38व्या आठवड्यातही विचार करतात. चर्चा करायला काय हरकत आहे? सासूबाई वाईट नाहीत गं. त्यांच्या पिढीत अशी बाळं गावाबाहेर पुरली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसल्या. त्यांना दुसरं कोणी शिकवलंच नाही. डोहाळजेवण नको वाटत असेल तर नको म्हण, बाळ झाल्यावर बारसं दणक्यात करू म्हण. त्यांना कार्य हवं असतं, तारीख पुढे गेली तरी चालते.

माळ्यावरची फाइल. ती तू उघडू नकोस, पण ती खाली यायला हवी. बहिणीला सांग, ती काढेल, झेरॉक्स करून नव्या डॉक्टरांकडे पोचवेल. तुला त्यातलं एक पानही बघायची गरज नाही. डॉक्टरांना मात्र गरज आहे. "नाळ गळ्याभोवती होती" हे कारण मला एकट्यानं पटत नाही. ठणठणीत जन्मणाऱ्या कितीतरी बाळांच्या गळ्याभोवतीही नाळ असते, आम्ही रोज बघतो. काही वेळा नाळेमुळे बाळ जातं, पण अनेकदा दुसरं काही शोधलं गेलं नाही म्हणून नाळेवर ढकललं जातं. तेव्हा वार तपासायला पाठवली असती तर बरं झालं असतं. आता ते होणार नाही. पण त्या फाइलमधली वाढीची मापं बघून बाळ मागे पडत होतं का हे कळतं. शुगर, बीपी, थायरॉइड, तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे का, रक्त गोठण्याशी संबंधित अँटिबॉडी, हे आजही तपासता येतं. त्यावरून एखादी गोळी लागणार असेल तर ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेली बरी, म्हणून या आठवड्यातच जा. अमक्या मैत्रिणीला ॲस्पिरिन दिली म्हणून आपणही घ्यावी, असं मात्र करू नकोस.

पुन्हा असं होण्याचा आकडा तू विचारला नाहीस, पण रात्री मोबाइलवर शोधत असशील म्हणून सांगते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून सुमारे 34 लाख स्त्रियांची माहिती तपासली गेली. आधी एकदा असं झालेल्या बायकांमध्ये पुन्हा तसं होण्याचं प्रमाण शंभरात अडीचच्या आसपास निघालं, बाकीच्यांमध्ये हजारात चार. ते सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. म्हणजे धोका इतरांपेक्षा जास्त, हे खरं, म्हणूनच तुला जास्त तपासण्या. आणि शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना तसं पुन्हा झालं नाही, हेही त्याच कागदावर आहे.

झोप लागत नसेल, दिवसभर छातीत धडधडत असेल, कशातच लक्ष लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर 14416 वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रीही चालू असते, मराठीत बोलतात. जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार मनाला शिवला तर दोन आठवडे थांबायचं नाही. तेव्हाच फोन, आणि घरात कोणालातरी उठवून शेजारी बसवायचं.

हे सदर वाचणाऱ्या माझ्या सोनोलॉजिस्ट मित्रमैत्रिणींना एवढंच: ठोके दिसले की तोंड उघडा. नाही दिसले तरी उघडा. खुर्ची ओढून टेबलाच्या उंचीला बसा आणि म्हणा, "बाळाचं हृदय थांबलंय." "ठोके नीट लागत नाहीत, बाहेर थांबा" हे आपण आपल्या सोयीसाठी म्हणतो. खात्रीसाठी दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायचं असेल तर तेही तिलाच सांगून बोलवा.

आता तो फोटो. सोनोग्राफीचा फोटो शाईचा नसतो, दुकानातल्या बिलासारख्या थर्मल कागदावर उमटलेला असतो, म्हणून तो उजेडानं, उष्णतेनं, प्लॅस्टिकला चिकटूनही उडत जातो. जपायचा म्हणून लॅमिनेशन करायला नेशील, ते अजिबात करू नकोस. त्या मशीनच्या गरम रोलरमधून गेला की अख्खा कागद काळा पडतो. आज दुपारी खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी तो पांढऱ्या चादरीवर सपाट ठेव आणि मोबाइलनं सरळ वरून दोन-तीन फोटो काढ, फ्लॅश बंद करून. मग स्टुडिओत जाऊन साध्या फोटो कागदावर त्याच्या दोन प्रती काढून घे. एक तुझ्या कपाटात राहू दे, दुसरी मिस्टरांना दे.